चित्रांच्या गोडाऊनचं आवतान

सरांना ‘छान’ हा शब्द चालत नसे. कुणी चित्रासमोर उभं राहून छान म्हटलं, की सर दारातल्या स्टुलावरून उठून यायचे आणि विचारायचे, “कुठं?”

माणूस गोंधळायचा. म्हणायचा, “सगळंच छान आहे की.”

“सगळंच छान कसं असेल? नेमकी जागा सांगा. हात लावू नका, लांबून बोट दाखवा.”

पुष्कळ माणसं तिथूनच माघारी जायची. एकदा पुण्याहून एक बाई आल्या होत्या, त्या मात्र हटल्या नाहीत. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एका हिरव्या चित्राच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका दाखवला. सर जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “हा चित्रकाराचा नाही. ही पालीची घाण आहे.” बाई लाजल्या. पण सर इतके खूश झाले, की खिशातल्या भाजलेल्या शेंगा काढून त्यांनी बाईंच्या ओंजळीत ओतल्या. म्हणाले, “तुम्ही बघितलंत. बाकीचे नुसते बोलतात. शेंगा बाहेर जाऊन खा.” मग कोरड्या कापसानं तो ठिपका त्यांनी स्वतः अलगद काढला.

सर आता साताऱ्याला बहिणीकडे असतात. मी अजून तिथंच झाडलोट करते. दुपारी आत कुणी नसलं की त्यांच्या स्टुलावर बसते आणि त्यांच्या एकेक गोष्टी आठवतात. चार माणसांत मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी अक्षरं याला पुरतात.

सांगलीत मार्केटच्या मागं आमची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाला एक जुनं हळदीचं गोडाऊन. त्याच्या मालकांना चित्रांचा नाद होता. ते जिवंत चित्रकारांचीच चित्रं घ्यायचे. मेलेल्यांची घ्यायला सरकार आहे, असं म्हणायचे म्हणे. म्हातारपणी त्यांनी हळदीचा धंदा बंद केला, गोडाऊनला आतून पांढरा रंग दिला, एक ट्रस्ट केला आणि बाहेर बोर्ड लावला, ‘समकालीन कला संग्रहालय’. गल्लीत त्याला सगळे चित्रांचं गोडाऊन म्हणतात. हळद जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फरशीच्या फटीत केरसुणी घातली की पिवळी पूड निघते. सरांच्या पांढऱ्या पँटीचे घोटे कायम पिवळे असायचे.

सर तिथं मालकांच्या वेळेपासून होते. चित्रं सांभाळायची, लावायची, उतरवायची, हेच त्यांचं काम. लग्न केलेलं नव्हतं. गोडाऊनच्या अंगालाच त्यांची एक खोली होती. त्या खोलीत एकही चित्र नव्हतं. भिंतीला नुसता खिळा होता आणि त्याला छत्री.

मी कामाला लागले त्या दिवशी सवयीनं दारात चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेले. सर आतून ओरडले, “चपला घाला!”

मी घाबरून तशीच उभी राहिले.

“हे देऊळ नाही, बाई. इथं येतो तो पाया पडतो आणि निघून जातो. नमस्कार करू नका. बघा.”

आता केर काढणारीनं चपला घालून केर कसा काढायचा? पण बोलायचं धाडस नव्हतं. घातल्या. मग झाडलं की माझ्याच चपलांची माती पुन्हा उठायची आणि मी पुन्हा झाडायची. हे त्यांनी बघितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी एक नवी कोरी स्लिपरची जोडी दारात ठेवलेली होती. “ही आतलीच. बाहेर न्यायची नाही,” एवढंच म्हणाले.

चित्रं लावायची त्यांची रीत मी नंतर दुसऱ्या कुणाची बघितली नाही. दोन चित्रं शेजारी लावायची असली की आधी ती भिंतीला टेकवून खाली ठेवायचे. आठ-आठ दिवस तशीच. येता-जाता तिरक्या डोळ्यानं बघायचे, जसं नव्या जोडप्याकडं घरातली मोठी माणसं बघतात. मग एक दिवस सांगायचे, “यांचं जमत नाही. तांबडं फार बोलतं. हे बिचारं राखाडी तोंड उघडत नाही.” की तांबडं उचलून दुसऱ्या भिंतीला. एक मोठं काळं चित्र होतं, त्याला तर कुणाचाच शेजार मानवायचा नाही. सर त्याला मामंजी म्हणायचे. मामंजींना कायम स्वतंत्र भिंत.

उंचीसाठी ते मला उभं करायचे. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीची खूण करायचे. ट्रस्टचे एक साहेब एकदा म्हणाले, “सर, चित्रं जरा वर घ्या, फार खाली वाटतात.” सर म्हणाले, “उंच माणूस वाकेल, त्याला काय होतंय? बुटक्यानं टाचा किती वेळ उचलायच्या?”

मला कामाला लागून वर्ष झालं असेल, तेव्हा त्यांनी मला एका तपकिरी चित्रासमोर उभं केलं आणि विचारलं, “तुम्हाला काय दिसतं?” मी केरसुणी या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी घाई केली नाही. शेंगा फोडत स्टुलावर बसले. रोज त्याच वेळी तोच प्रश्न. शेवटी एके दिवशी मी म्हणाले, “आमचं आटपाडीचं रान हाय. उनाळ्यातलं.” माझं माहेर तिकडचं.

मला वाटलं, आता ते शाबासकी देतील.

“नाही,” सर म्हणाले. “ही चित्रकाराच्या स्वयंपाकघराची भिंत आहे. चुलीच्या मागची. मी स्वतः बघितलीय.” मग शेंग फोडत म्हणाले, “पण तुमचं रान तुम्ही ठेवा. त्याला जागा आहे.”

अजून त्या चित्रापाशी झाडताना मला रानच दिसतं. मध्येच चूलही दिसते.

माणसांशी मात्र सरांचं जमायचं नाही. चित्रांना शेजार बघणारा हा माणूस स्वतः शेजारी कुणाकडं गेला नाही. गल्लीत बारसं असो, वास्तुशांत असो, सरांना बोलावणं जायचं. सर गेटाच्या आतून हात हलवायचे, “हो हो,” म्हणायचे आणि जायचे नाहीत. उर्मट नव्हते, बुजायचे. मला ते कळायचं, कारण मीही तशीच. आम्ही दोघं दिवसदिवस एका छताखाली न बोलता काम करायचो आणि त्यात आम्हाला काही कमी वाटायचं नाही. पण गल्लीला कसं कळणार? माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, उघड म्हणायच्या, “तुजा सर म्हंजे कडी लावल्यालं दार हाय नुसतं.”

पुढं-पुढं प्रदर्शनं व्हायची ती बाहेरची. मुंबईची, पुण्याची चित्रं पेटाऱ्यातून यायची. गाड्यांमधून लोक यायचे, चित्राकडं पाठ करून मोबाईलमध्ये स्वतःचे फोटो काढायचे, आवारात सामोसे खायचे आणि जायचे. मालकांनी जमवलेली चित्रं, मामंजीसुद्धा, मागच्या खोलीत कापडात गुंडाळून उभी. सर ती पाळीपाळीनं उघडायचे, वारा द्यायचे, पुन्हा गुंडाळायचे.

मग सरांचा खांदा दाराच्या चौकटींना लागायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं, घाईत असतील. मग मी बाजूनं चहा घेऊन गेले की ते दचकायचे. एक दिवस ते मिरजेला डॉक्टरांकडं जाऊन आले. बसमधून उतरून सरळ मागच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली.

“बाई, इकडं या. माझ्या समोर उभ्या राहा. आता हळूहळू डावीकडं सरका.”

मी सरकले. दोन पावलं गेले असेन.

“गेलात,” सर म्हणाले. “काचबिंदू. कडेकडेनं आत येतो. गेलं ते परत येत नाही. आता मधलं तेवढं राहिलंय. तेही जाणार, कधी ते डॉक्टर सांगत नाहीत.”

मी म्हणाले, “चित्रं आता कशी बगायची तुमी?”

“चित्रांचं काय? ती मला पाठ आहेत. डोळे मिटून सांगतो, कुठल्या कोपऱ्यात काय आहे.” त्यांनी जवळच्या चित्राचं कापड सारखं केलं. “पण आपली चित्रं बघताना माणसाचं तोंड कसं होतं, ते मी बघितलं नाही. इतकी वर्षं मी चित्रांकडं तोंड करून उभा राहिलो. आता आहे तोवर ते बघून घ्यायचंय. बास.”

ट्रस्टच्या लोकांना त्यांनी सांगितलं, यंदा बाहेरचं काही आणायचं नाही, सगळं आपल्याच खोलीतलं. प्रदर्शनाला नाव दिलं ‘आपल्याकडचं’. दिवाळीनंतरचा रविवार धरला.

महिनाभर ते कामात होते. कापडं सुटली. मामंजी बाहेर आले. एक चित्र सगळं दोऱ्यांचं होतं, एक जाळलेल्या कागदांचं, एकात नुसता रस्त्यावरचा खड्डा आणि त्यात पाणी. सर उजवीकडून बघायचे, मग डावीकडून, कारण एका वेळी सगळं त्यांच्या नजरेत मावत नव्हतं. मी समोर उभी राहून सांगायचे, “हिकडचं वाईच खाली गेलंय.”

गल्लीला बोलवायचं हे त्यांनी ठरवलं होतं. “गाडीवाले नकोत. समोरची माणसं पाहिजेत.” सुंदर कार्डं छापली आणि वाटायला सोपं म्हणून पेपर टाकणाऱ्याकडं दिली. शनिवारी सकाळी घराघरात पेपरच्या घडीतून कार्ड गेलं.

रविवारी संध्याकाळी सर इस्त्रीचा कोट घालून गेटात उभे राहिले. गाडीवाले आले, फोटो काढले, गेले. गल्लीतलं एक माणूस आलं नाही. गंमत म्हणजे सगळी गल्ली समोरच बसलेली होती. दारादारात, कट्ट्याकट्ट्यावर, धुतलेल्या कपड्यांत, गेटाकडं बघत. सर इकडं उभे आणि ती तिकडं बसलेली, जसे दोन्हीकडचे व्याही मानपानाला अडून बसलेत.

तास गेला. सरांनी मला विचारलं, “हे लोक येत का नाहीत? समोर तर आहेत.”

मला कारण ठाऊक होतं, पण ते त्यांना सांगणं म्हणजे त्यांची चूक काढणं. मी मान खाली घातली. तेव्हा सरांनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. गेट ओलांडून समोर गेले. आमचाच कट्टा समोर होता. आत्ती पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी कोपऱ्यावरचे गादीवाले चाचा.

“आजी, आत का येत नाही?”

“आमास्नी कुनी बोलावलंय?” आत्ती म्हणाल्या.

“कार्ड दिलं होतं की. पेपरमधून.”

“पेपरातनं साड्यांच्या सेलचा कागुद बी येतोय. मग काय, दुकानदारानं आवतान दिलं म्हनायचं?”

चाचा हसले. “सर, कार्ड अच्छा हाय. आमी कपाटावर ठेवलंय. पन आवतान म्हंजे दारात यावं लागतंय. एकदा आदुगर यायचं, आन टायम झाला की पुन्ना हाक मारायला यायचं. तवा मानूस उटतंय.”

“दोनदा?” सर म्हणाले.

“दोनदा. न्हाईतर लोक म्हनत्यात, बिनबोलावता गेला.”

“आन तुमी कवा आलासा आमच्या दारात?” आत्तींनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. “माझ्या नातवाचं बारसं झालं, तुमी गेटातनं हात हलवलासा. पोरगं आता पाचवीत हाय.”

सर उभेच राहिले. मला वाटलं, आता माघारी जातील आणि गेट लावतील. ते म्हणाले, “मग आता कसं करू?”

त्यांनी असं विचारल्यावर आत्तींचा आवाज उतरला. “करायचं काय? दारोदार जावा. आन एकटं जाऊ नगासा. बायकांस्नी बाईनंच बोलवायचं आसतंय, कुकू लावून.” आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सर कोटात, हातात अक्षतांची वाटी. मी मागं, हळदी-कुंकवाचा पंचपाळा घेऊन. पहिलं घर लोहारांचं. म्हातारे लोहार दारातच बसलेले. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते, ते अक्षतांकडं.

“वर्गनी का?” लोहारांनी विचारलं.

“नाही, नाही.”

“मग बोला की.”

सरांनी काय बोलायचं ते खोलीतून ठरवून आणलं होतं. येताना ते पुटपुटत होते, ते मीच ऐकलं होतं. पण दारात उभं राहिल्यावर ते सगळं गेलं. लहानपणी गावाकडं त्यांनी आवतान द्यायला आलेली माणसं बघितली असणार, त्यांचंच बोलणं त्यांच्या तोंडातून बाहेर आलं. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “घरातल्या सगळ्यांनी रविवारी आमच्याकडं जेवायला यायचं!”

लोहार उठून उभे राहिले. हात जोडले. “येतो की! आवं, सगळी येतो.” आतून त्यांची सून आली, मी तिला कुंकू लावलं आणि आम्ही बाहेर आलो.

रस्त्यात सर थांबले. “बाई, मी काय म्हणालो?”

“जेवायला या म्हनाला.”

“चित्रांचं काही म्हणालो?”

“न्हाई.”

ते कपाळाला हात लावून हसायला लागले. पण एका घरी जेवणाचं आवतान देऊन शेजारच्या घरी नुसतं बघायचं कसं देणार? मग सगळीकडं तेच. चौथ्या-पाचव्या घरापासून त्यांचा आवाज मोकळा झाला. गादीवाल्या चाचांच्या दारात तर ते म्हणाले, “चाचा, आलात नाहीत तर पुढच्या वेळी गादी मिरजेतून आणीन.” चाचा म्हणाले, “आनून बगाच.” मीही शेवटी-शेवटी बायकांना कुंकू लावताना तोंडातल्या तोंडात “या” म्हणत होते.

जेवण म्हणजे आत्तींचा प्रांत. त्या गेटात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत, कारण अजून त्यांना दुसरी हाक यायची होती. बाहेरूनच म्हणाल्या, “गव्हाची खीर, भात आन आमटी. पंगत आवारात धरू.”

सर म्हणाले, “जेवल्यावर लोक आत येतील ना, चित्रं बघायला?”

“जेवल्यावर मानूस घरला जातंय आन आडवं हुतंय.”

सरांना डोळ्यांची आठवण झाली असावी, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पंगत आत धरायची. चित्रांपुढं.”

ज्या खोलीत चहाचा कप न्यायची बंदी होती, तिथं पंगत! ट्रस्टचे साहेब धावत आले. “सर, आमटी? चित्रांजवळ आमटी?”

सरांनाही आमटीचीच धास्ती होती. गेटात येऊन आत्तींना म्हणाले, “आजी, आमटी सोडून दुसरं काहीही करा. हळद आहे त्यात, डाग जात नाही.”

“हळदीच्या गोडाऊनात ऱ्हाऊन हळदीला भ्यालासा व्हय? आमटी न्हाई तर मी चुलीला हात लावत न्हाई. कोरड्या भातावर का लोकं उटवायची?”

बराच वेळ हे चाललं. साहेब एकदा सरांकडं बघायचे, एकदा आत्तींकडं. शेवटी सर म्हणाले, “ठीक आहे. आमटी मी वाढणार. दुसऱ्या कुणी बादलीला हात लावायचा नाही. सांडली तर माझ्या हातून सांडेल.”

साहेब म्हणाले, “सर, तुम्हाला तर बाजूचं दिसत नाही.”

“वाढणाऱ्याला समोरचंच पान बघायचं असतं,” सर म्हणाले.

मग त्यांनी मला जमिनीवर मांडी घालून बसायला लावलं. भिंतीवर माझ्या डोळ्यांच्या रेषेत खूण केली. आणि आठवडाभर पुन्हा सगळी चित्रं उतरवून हातभर खाली लावली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील अशी. बसायच्या पट्ट्या भिंतींकडं तोंड करून अंथरायच्या, म्हणजे पाठीला पाठ लावून लोक बसतील. पानात वाढून होईपर्यंत माणूस समोर बघतं, दुसरं करणार काय?

रविवारी दुपारी स्वयंपाक झाला आणि आम्ही दुसऱ्यांदा गल्लीत गेलो. सर प्रत्येक दारात हाक मारत होते, “चला, पानं मांडलीत, चला!” पाठोपाठ गल्ली निघाली. दारात चपलांचा ढीग पडला. सर काही बोलले नाहीत. जेवायला बसणारा माणूस चपला काढणारच.

सुरुवातीला सगळे अवघडून बसले. मामंजींसमोर कुणी बसेना. शेवटी लोहार बसले आणि म्हणाले, “ह्यो भट्टीतला कोळसा हाय. आमच्या वळकीचा.” मग बोलणी सुरू झाली. खड्ड्याच्या चित्रासमोर बसलेला एक जण म्हणाला, “नगरसेवकाला दावा रं हे.” सगळी पंगत हसली. दोऱ्यांच्या चित्रासमोर चाचा घास हातात धरून बसले होते. त्यांची बायको म्हणाली, “खाते की देखते?” तर चाचा म्हणाले, “दोनी.”

आणि सर पुढून निघाले. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात वगराळं. वाढणारा माणूस पंगत आणि भिंत यांच्या मधून चालतो. त्याची पाठ भिंतीकडं असते, तोंड जेवणाऱ्यांकडं. सर त्या मधल्या जागेतून इतके सावकाश गेले, की भात गार व्हायला लागला. एका-एका पानापुढं वाकायचे, आमटी घालायचे आणि मान वर करून त्या माणसाच्या तोंडाकडं बघायचे. तो माणूस सरांच्या खांद्यावरून मागं बघत असायचा. सर ते बघायचे. मग पुढचं पान. कुणी “बास बास” म्हणालं तरी त्यांना लवकर ऐकू यायचं नाही. चित्रावर एक थेंब उडाला नाही. कोटावर मात्र पुष्कळ.

राबणाऱ्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात. आत्ती आत यायला तयार नव्हत्या, “आमचं आमी चुलीपाशी खातो,” म्हणत होत्या. सरांनी त्यांना वेगळी हाक मारली. तेव्हा त्या पदर सावरत आल्या. सगळ्यांत आतल्या भिंतीला एक मोठं निळं चित्र आहे, खाली फक्त एक काळी पट्टी. त्याच्यासमोर बसल्या. त्यांच्या शेजारी मी, पंगतीच्या टोकाला.

भात आला, खीर आली. सर आमटी वाढत-वाढत आत्तींपर्यंत पोचले आणि त्यांच्या समोर वाकले.

“वाढू, आजी?”

सरांनी वगराळं भरून तसंच धरलं.

“आजी, वाढू?”

“थांबा,” आत्ती म्हणाल्या. “वाईच बाजूला व्हा, मास्तर. आत्ता कुठं दिसाय लागलंय, आन तुमी मधी येताय.”

सर बाजूला झाले. बादली खाली ठेवून तिथंच उकिडवे बसले. आत्ती मान तिरकी करून निळ्याकडं बघत होत्या आणि सर त्यांच्या तोंडाकडं. मी भात फोडून, मध्ये आळं करून बसले होते. आमटी काही माझ्या पानापर्यंत आली नाही, आणि मी मागितलीही नाही.